नळ्यांचा नाद

बंदूक दुरुस्तीला आली की आबा आधी तिच्याकडे बघत नसत. आधी ऐकत.

पुढचं लाकूड काढायचं, बंदूक बिजागरीवर उघडायची, नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या. नळ्यांच्या बुडाखाली पोलादाचा एक आकडा असतो. त्यात तर्जनी अडकवून दोन्ही नळ्या हवेत लोंबत्या धरायच्या आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं एकच टकोरा द्यायचा. नळ्या धड असल्या तर असा नाद उठायचा की दुकानाबाहेर चहा पीत थांबलेली माणसंही वळून बघायची. लांब, स्वच्छ, सावकाश विरत जाणारा. देवळातल्या लहान घंटेसारखा, पण जरा खर्जातला. आणि आत काही बिनसलेलं असलं तर नुसतं 'थप्प'. तडा गेलेल्या मडक्यासारखं.

"ऐकलास?" आबा विचारायचे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. "डाख सुटलाय हिचा. आत पाणी बसलंय."

दुनळीच्या दोन नळ्या वरून आणि खालून लांब पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, कथलाच्या डाखानं. कुठं बोटभर डाख सुटला तर बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पण पावसाळ्याची ओल त्या फटीतून आत शिरते, आणि पट्टीखाली, जिथं ना बोट पोचतं ना फडकं, तिथं नळी गंजत राहते. मालक रोज बाहेरून तेल पुसतोय आणि बंदूक आतून संपत चाललीय. ते ओळखायला कानासारखं दुसरं हत्यार नाही.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, एक दणकट बाक, त्यावर व्हाइस, भिंतीवर फ्रेम करून लावलेला दुरुस्तीचा परवाना. गिऱ्हाईक कागल-गडहिंग्लजपासून आजरा-चंदगडपर्यंतचं, आणि घाट चढून येणारं कोकणातलं. कुणाच्या उसात डुकरं, कुणाच्या भातात गवे. पोत्यात नाहीतर जुन्या धोतरात गुंडाळलेली बंदूक बाकावर ठेवायची, शेजारी परवान्याची वही ठेवायची आणि म्हणायचं, "बघा जरा, म्हातारीचं काय दुखतंय." बंदुकीला सगळेच म्हातारी म्हणायचे, कारण ती खरोखरच घरातल्या म्हातारीएवढी जुनी असायची. पणज्याच्या नावावरून आजाच्या, आजाच्या नावावरून बापाच्या नावावर आलेली.

त्या म्हाताऱ्यांनी मला युरोप दाखवला. शाळेच्या नकाशात मला लंडन आणि पॅरिस सापडायचं. पण बर्मिंगहॅम, लिएज, झूल, श्टायर, सेंट एतियन ही गावं मी आबांच्या बाकावर शिकलो, नळ्यांच्या पोटावरच्या ठशांवरून. नळ्या उलट्या केल्या की बुडाच्या सपाट भागावर बारीक शिक्के दिसतात. मुकुट आणि त्याखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं असली की ती बर्मिंगहॅमची, १९०४ नंतर तपासलेली. लंबगोलात ईएलजी आणि वर मुकुट असला की बेल्जियमच्या लिएजची. चौकटीत १२ चा आकडा म्हणजे बाराची. बारा कसले, तर नळीच्या भोकाएवढ्या शिशाच्या गोळ्या केल्या तर एका पौंडात बारा बसतात म्हणून बारा. हे आबांनी मला भिंगातून दाखवलं होतं आणि पुढं आठवडाभर मी घरात सापडेल त्या गोल वस्तूचा बोअर काढत बसलो होतो.

हे ठसे शोभेचे नाहीत. नळी तयार झाली की सरकारमान्य तपासणीघरात तिच्यात नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून ती उडवायची. टिकली तर शिक्का, फुटली तर भंगार. लिएजमध्ये हे १६७२ पासून चालू आहे, आणि बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलं. म्हणजे इकडं पेशवाई शेवटचे दिवस मोजत होती तेव्हा तिकडं कुणीतरी एकेका नळीला अशी परीक्षेला बसवत होतं. आणि ती पास झालेली नळी आज आजऱ्याच्या शेतकऱ्याच्या खांद्यावर. मला अजूनही हे नवल वाटतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त यायच्या त्या बर्मिंगहॅमच्या वेबली स्कॉट आणि ग्रीनर. खेड्यात 'येबली' म्हणायचे. काही दुनळ्यांच्या पट्टीवर 'आर्मी अँड नेव्ही' असं कोरलेलं असायचं. तो कारखाना नव्हे, दुकान. १८९१ मध्ये त्यांनी मुंबईत शाखा काढली, काळा घोड्याजवळची ती इमारत आजही त्याच नावानं ओळखली जाते. साहेब लोक तिथून सामान घ्यायचे, आणि साहेब परत जाताना बंदुका विकून जायचे. कुठल्या जहागीरदारानं, कुठल्या वकिलानं त्या घेतल्या आणि फिरत फिरत त्या आमच्या भागात आल्या. आबा म्हणायचे, नाव दुकानाचं, हात बर्मिंगहॅमचा.

त्या हाताविषयी मला खरं तर लिहायचं आहे.

बिनघोड्याची दुनळी, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर ठोका देणारे घोडे जिच्या बाहेर दिसत नाहीत ती, आतून कशी चालते हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नववीत होतो. नळ्या उघडून खाली झुकवल्या की त्याच झुकण्याच्या जोरानं आतले दोन्ही घोडे चढतात. वेगळं काही करावं लागत नाही. अँसन आणि डीली या दोघांनी वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यात १८७५ मध्ये ही युक्ती काढली आणि पुढं जगभरच्या दुनळ्यांनी ती उचलली. इतके थोडे भाग, की आबा डोळे मिटून ते ओळीनं मांडायचे. पण प्रत्येक भाग कानशीनं घासून त्याच एका बंदुकीत बसवलेला. एकाचा दुसरीला लावला तर बसत नाही. नंबर जुळतात, माप जुळतं, पण बसत नाही.

आणि पेच. इंग्रजी बंदुकीचे पेच बघा म्हणजे तुम्हाला सगळं कळेल. त्यांच्या डोक्यावरची खाच केसासारखी बारीक असते, बाजारातला कुठलाही स्क्रू ड्रायव्हर तिच्यात जात नाही. आणि बंदूक नवी असताना सगळ्या खाचा एकाच दिशेला असतात, नळीच्या रेषेत. म्हणजे कारागिरानं पेच नुसता आवळलेला नाही. पूर्ण आवळल्यावर खाच बरोबर सरळ येईल असा तो पेच आधी घडवलेला आहे. त्यामुळं पेच वाकडा उभा दिसला, खाचेचे काठ तुटलेले दिसले, की आबा ओळखायचे की मध्ये कुणीतरी अडाणी हात लागून गेलाय. त्यांना ते फार लागायचं. झिजलेल्या कानशी घासून ते एकेका बंदुकीसाठी वेगळा स्क्रू ड्रायव्हर बनवायचे. बोर्नव्हिटाच्या डब्यात तसे चाळीसेक होते, प्रत्येकाच्या मुठीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी.

दस्ता अक्रोडाचा. गंजाचं काम मी करू लागायच्या आधी आबांनी मला दस्त्याला तेल लावायला बसवलं. जवसाचं तेल, चार थेंब तळहातावर घ्यायचे आणि हाताच्या उबेनं मुरवायचे. ब्रश नाही, कापड नाही. एक हात लावला की दोन-तीन दिवस थांबायचं, मग दुसरा. इंग्लंडातले जुने कारागीर त्या तेलात एका मुळीचा लाल रंग उतरवायचे, तांबूस झाक यावी म्हणून. ती मुळी म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातल्या रतनजोतीची सख्खी भावंडं. आबा रतनजोत आणून तेलात टाकून ठेवायचे, आणि तेल लालभडक झालं की आई आधी वाटीभर डोक्याला लावायला काढून घ्यायची. आमच्या घरात आईच्या केसांना आणि बर्मिंगहॅमच्या दस्त्यांना एकच वास होता.

वेस्टली रिचर्ड्सची ती प्रसिद्ध दुनळी आबांनी आयुष्यात एकदाच हाताळली, एका जुन्या वाड्यातून आलेली. १८९७ ची रचना. पोटाखालची पाटी सरकवली की दोन्ही लॉक, म्हणजे घोडा आणि स्प्रिंगचे संच, अलगद खाली तळहातावर पडतात, कुठलंही हत्यार न लावता. आबांनी मला हात पुढं करायला सांगितलं आणि एक लॉक माझ्या तळहातावर ठेवलं. आगपेटीपेक्षा लहान, आणि त्याचा प्रत्येक भाग, जो बंदुकीच्या पोटात अंधारात राहणार, जो मालक बहुधा कधी बघणारही नाही, तो आरशासारखा घासलेला. मला माझा डोळा त्यात दिसला. आबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं एवढं आठवतं.

सगळ्याच आठवणी अशा नाहीत.

लिएजच्या आसपासच्या खोऱ्यात पूर्वी एका तऱ्हेच्या नळ्या बनायच्या, डमास्कस नावाच्या. लोखंड आणि पोलाद यांच्या कांबी तापवून एकत्र ठोकायच्या, दोरीसारखा पीळ द्यायचा, असे पीळ शेजारी शेजारी जोडून पट्टी करायची आणि ती पट्टी दांड्याभोवती वेटोळी घालत ठोकून सांधायची. मग भोक पाडायचं, बाहेरून घासायचं, आम्लाचा हात द्यायचा. लोखंड आणि पोलाद वेगवेगळं रंगतं आणि नळीभर नक्षी उमटते, पैठणीच्या पदरावरही इतकं बारीक काम नसेल. वरून काढलेली नक्षी नव्हे ती. नळीच नक्षीची बनलेली. मला जगातल्या कुठल्याही धातूच्या वस्तूपेक्षा ती सुंदर वाटते, आज साठी जवळ आल्यावरही वाटते.

पण त्या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. काळी दारू रेटते, बिनधुराची आधुनिक दारू हिसका देते. शिवाय त्या जुन्या बंदुकांचं घर अडीच इंची काडतुसाचं, आणि आजचं काडतूस पावणेतीन इंची. ते आत जातं, झाकणही लागतं, म्हणून माणूस फसतो. उडाल्यावर काडतुसाचं तोंड उलगडायला जागाच उरत नाही आणि दाब चढतो. घाटाखालचा एक शेतकरी अशीच घोड्याची बेल्जियन दुनळी घेऊन आला होता. आबांनी घोड्याची स्प्रिंग बसवून दिली आणि सांगितलं, ही भिंतीवर ठेवा, हिच्यात बाजारातलं काडतूस घालू नका. तो हो म्हणाला. डुकरं काही भिंतीवरच्या बंदुकीला भीत नाहीत. सहा महिन्यांनी तो परत आला तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. नळी काडतुसाच्या पुढं चार बोटांवर उलगडली होती, आणि उलगडली होती ती नेमकी त्या पिळाच्या रेषेवरून, सुतळी सुटावी तशी.

आबांनी ती स्वतःचीच चूक मानली. "मी नुसतं सांगितलं," ते म्हणत राहिले, "बजावलं न्हाई." त्यानंतर डमास्कस नळीची बंदूक आली की ते पावतीवर लाल शाईनं लिहायचे आणि मालकाबरोबर घरातलं दुसरं कुणीतरी असल्याशिवाय ती परत द्यायचे नाहीत.

रायफली आमच्याकडे कमी यायच्या. यायच्या तेव्हा बहुतेक मॉझर, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फची. काडतूस आत ढकलून नळीचं बूड बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट, आणि मॉझरच्या १८९८ च्या बोल्टवर इंग्लंडच्या रिग्बीसारख्या घराण्यांनीही आपल्या रायफली उभ्या केल्या. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ मध्ये भेट मिळाली ती .२७५ रिग्बी अशीच मॉझर बोल्टची. पण माझ्या मनात बसली आहे ती दुसरीच, बेळगावच्या एका निवृत्त लष्करी डॉक्टरांची मॅनलिकर शोनाउअर. ऑस्ट्रियातल्या श्टायरची, १९०३ ची जात. लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेलं, त्यामुळं ती रायफल न वाटता एखादं वाद्य वाटायची. बोल्टची मूठ चपटी. आत काडतुसं एकावर एक न बसता रहाटाच्या गाडग्यांसारखी गोल फिरतात, पाच. बोल्ट मागं ओढून रायफल थोडी खाली कलवली की तो आपल्याच वजनानं, आवाज न करता पुढं सरकायचा. डॉक्टर ती दरवर्षी नुसती साफ करायला आणायचे. बिघाड काहीच नसायचा. त्यांना ती कुणालातरी दाखवायची असायची आणि आबांना बघायची असायची.

कॅलिबरांचा, म्हणजे नळीच्या भोकाच्या मापांचा, गुंता आबांनी एकदा मला समजावला. मोठ्या जनावरांसाठी इंग्रज .४५० ची जोडनळी रायफल वापरायचे. १९०७ मध्ये सरकारनं हिंदुस्थानात हा बोअर बंद केला, कारण लष्कराच्या मार्टिनी हेन्री रायफलीही त्याच बोअरच्या होत्या आणि काडतुसं बंडखोरांच्या हाती जातील ही भीती. मग इंग्लंडातल्या कारखान्यांनी घाईघाईनं .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं पुढं आणली. म्हणजे आफ्रिकेत ज्या मापांनी हत्ती मारले गेले त्यातली काही मापं इथल्या सरकारला इथल्या माणसांची धास्ती वाटत होती म्हणून जन्मली. १८७८ च्या कायद्यानं आपल्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक नव्हती आणि गोऱ्याला परवान्याची गरज नव्हती. सुंदर वस्तूच्या पोटावर हाही ठसा असतोच, भिंग लागत नाही बघायला.

आणि जनावरं. त्याबद्दल न बोलता हे लिहिणं मला जमणार नाही. शाळेची सहल नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात गेली होती, नंतर आबांबरोबरही गेलो. आबा बंदुकांपाशी उभे राहिले. मी पेंढा भरलेल्या वाघापाशी उभा राहिलो आणि त्याच्या काचेच्या डोळ्यांतून हलू शकलो नाही. आबांनी आयुष्यात एकही जनावर मारलं नाही. तांबडा-पांढरा आवडीनं ओरपायचे, पण शिकारीला कुणी बोलावलं की दुकानाचं निमित्त सांगायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा निम्मं गिऱ्हाईक तुटलं, तरी त्यांनी त्याविरुद्ध कधी चकार शब्द काढला नाही. दाजीपूरच्या जंगलात १९५८ पासून गव्यांना अभय आहे, आणि एकदा पहाटे आम्ही दोघांनी तिथं धुक्यात उभा असलेला गवा पाहिला तेव्हा आबा माझ्या कानात म्हणाले, "ह्याच्यावर नेम धरायला हात कसा उठत असंल रं?" तोच माणूस दुपारी दुकानात बसून .४७० च्या घोड्याची धार कानशीच्या एका फटक्यानं अशी लावायचा की चाप काच तुटावी तसा सुटावा. मला या दोन्ही गोष्टी त्यांच्यात शेजारी शेजारी बसलेल्या दिसायच्या, आणि माझ्यातही त्या तशाच बसल्या आहेत.

मी धंदा पुढं चालवला नाही. उद्यमनगरात फाउंड्रीच्या कामाला लागलो. २०११ मध्ये कामानिमित्त बर्मिंगहॅमला जायचा योग आला, तेव्हा एक सबंध दुपार मी स्टीलहाउस लेन, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट अशी पायी फिरलो. आबांच्या तोंडची गावं. एके काळी इथं एकाच बंदुकीचे भाग दहा-बारा छोट्या कारखान्यांत फिरायचे. एक फक्त नळ्या घासायचा, एक फक्त लॉक, एक फक्त दस्ता, एक फक्त नक्षी, आणि पोरं ते भाग एका दारातून दुसऱ्या दारात पोचवायची. ग्रीनरचा कारखानाही या बाजूलाच होता. बरंचसं आता मोठ्या रस्त्याखाली गेलंय. विटांच्या काही जुन्या इमारती उभ्या आहेत. मी त्यातल्या एका भिंतीला हात लावला. नंतर कालव्याकडच्या तपासणीघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. आबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. फोन करून सांगावं असं कुणी नव्हतं.

पुढं २०१९ मध्ये कायदा बदलला. एका परवान्यावर पूर्वी तीन बंदुका ठेवता यायच्या, त्या दोन झाल्या. तिसरी वर्षभरात जमा करायची. २०२० च्या दिवाळीनंतर गडहिंग्लजकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाचा फोन आला. तोही आता सत्तरीचा. "काका नाहीत," म्हणाला, "पण तुम्ही तरी या. कुठली द्यायची तेवढं सांगा."

सोप्यात सतरंजीवर तिघी मांडून ठेवल्या होत्या. एक .३१५ ची इशापूर रायफल, एक वेबली, आणि एक लिएजची घोड्याची दुनळी, डमास्कस नळ्यांची. सांगण्यासारखं काही नव्हतंच. रायफल आणि वेबली चालतात, डुकरांचा त्रास आहे. जी उडवता येत नाही तीच जाणार. ती सगळ्यात सुंदर होती.

त्यांना विचारून मी ती शेवटची खोलली. घोड्यांवर पानाफुलांची नक्षी, झिजून नुसता भास उरलेला. नळ्या सोडवल्या, तर्जनी आकड्यात अडकवली, पेरानं टकोरा दिला. माजघरातून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, कसला आवाज म्हणून. मी पुन्हा दिला. नाद सोप्यातून अंगणात गेला आणि विरेपर्यंत कुणी बोललं नाही.

दस्त्याच्या मागची शिंगाची पाटी थोडी हलत होती. आबांचा डबा मी बरोबर नेला होता. चिठ्ठ्या वाचत गेलो तर या घराच्या नावाचा स्क्रू ड्रायव्हर त्यात होता. तो खाचेत नेमका बसला. पाटी काढली तर आत, उघड्या अक्रोडावर, एका कोपऱ्यात कुणा बेल्जियन कारागिराची दोन अक्षरं ठोकलेली होती, आणि त्याखाली पेन्सिलनं, आबांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'मे ७९. खालच्या पट्टीला नवा डाख, राळेवर. नाद चांगला.'

ॲसिडनं डाख पटकन धरतो, पण ते मागं राहून नळी खातं. राळेनं वेळ लागतो. पट्टीच्या आत बघायला कोण जाणार होतं.

मालकांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, राहू दे तसंच. मी पाटी परत बसवली, दोन्ही पेच आवळले आणि खाचा नळीच्या रेषेत सरळ उभ्या करून ठेवल्या.